गप्पीच्या टाकीत मोठी मादीच का मरते, आणि दर तीन महिन्यांनी तेच का होतं

समस्या अशी असते. टाकीत आठ-दहा गप्पी मासे आहेत. पाणी स्वच्छ, फिल्टर चालू, नर रंगीत आणि टुणटुणीत. पण एक मादी, आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठी मादी, एक दिवस फिल्टरच्या मागे जाऊन बसते. खायला वर येत नाही. शेपटी मिटलेली, अंग आकसलेलं. चार-पाच दिवसांत ती जाते. आपण दुकानातून नवी जोडी आणतो. काही आठवडे बरे जातात आणि मग पुढची मोठी मादी त्याच कोपऱ्यात जाऊन बसते.

आमच्या शेजारचा सातवीतला मुलगा परवा रडवेला होऊन आला. "काकू, परत मोठीच गेली. नर एकही मरत नाही." त्याच्या बोलण्यातलं दुसरं वाक्य नीट ऐकण्यासारखं आहे. पाणी बिघडलं असतं तर नरांनाही त्रास झाला असता.

माझ्याकडेही दोन वर्षं हेच चाललं होतं. मी खडे मीठ टाकून बघितलं, दुकानदाराने दिलेलं निळं औषध टाकलं, खाणं बदललं. शेवटी मे महिन्यात माहेरी गेले आणि तिथल्या हौदावर बसले असताना उलगडा झाला. त्या हौदात आरोग्यसेवकांनी डासांच्या अळ्यांसाठी सोडलेले गप्पी आहेत. कोणी पाणी तपासत नाही, कोणी खायला घालत नाही, आणि तरी तिथे बोटाएवढ्या जाड माद्या वर्षानुवर्षं सुखात आहेत. हौदात आहे आणि माझ्या टाकीत नाही असं काय, हे शोधताना उत्तर सापडलं. दुखणं पाण्यात नव्हतं. नर आणि मादी यांच्या आकारात आणि वागण्यात जो फरक आहे, तो मी टाकी भरताना लक्षातच घेतला नव्हता.

आधी पाण्याची शंका फेडून घ्या

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. तापमान २४ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवा. नळाचं पाणी अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) न घालता थेट ओतू नका. सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर पाण्यातला प्राणवायू किंवा अमोनिया बघा आणि पाव ते अर्धं पाणी लगेच बदला. पोट आत गेलेलं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी असेल तर जंताची शंका घ्या. तोंडावर किंवा पाठीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो संसर्ग आहे, त्याचे उपचार वेगळे.

यातलं काहीच नाही, नर मजेत आहेत आणि फक्त माद्या लपून बसतात, असं असेल तर पुढे वाचा.

दहा मिनिटं टाकीसमोर बसा

फोनवर दहा मिनिटांचा टायमर लावा. एक मादी निवडा, सगळ्यात मोठी, आणि फक्त तिच्यावर नजर ठेवा. नर तिच्याजवळ दोन तऱ्हांनी येतो. एकात तो तिच्यासमोर येऊन अंग धनुष्यासारखं वाकवतो, सगळे पर पसरतो आणि जागच्या जागी थरथरतो. हा त्याचा नाच. मादीला पसंत पडला तर ती सावकाश त्याच्याकडे सरकते. दुसरी तऱ्हा अशी की तो मागून, खालून येतो आणि ती बेसावध असताना पोटाखालचा टोकदार पर पुढे वळवून तिला झटकन टोचायला बघतो. या पराला गोनोपोडियम म्हणतात. मादीची पसंती इथे कोणी विचारत नाही. या दुसऱ्या प्रकाराला मी 'झडप' म्हणते. कागदावर नाचासाठी एक रेघ आणि झडपेसाठी एक फुली मारत जा.

माझ्या तीस लिटरच्या टाकीत तेव्हा चार नर आणि चार माद्या होत्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत एका मादीच्या नावावर नाचाच्या सहा रेघा आणि झडपेच्या तेवीस फुल्या झाल्या. त्याच वेळात तिने दाणा तोंडात घेतला तो दोनदाच. दर वेळी दाण्याकडे वळली की मागून कोणीतरी आलं आणि ती वळून पळाली. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, कारण दोन वर्षं जे डोळ्यांसमोर होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद बेट हा गप्पीच्या मूळ मुलखाचा एक भाग. तिथल्या ओढ्यांत अभ्यासकांनी हीच मोजणी केली, तेव्हा जिथे शिकारी मासे जास्त आहेत तिथे एका मादीवर मिनिटाला साधारण एक झडप पडते असं दिसलं. अशा माद्यांचा चरण्याचा वेळ कमी होतो, हेही त्यांनी १९९४ मध्ये मांडलं. म्हणजे आपल्या घरची मादी कमकुवत आहे असं नाही. तिला खायलाच मिळत नाही आणि विसावा तर नाहीच. त्यात तिच्या पोटात पिल्लं असतात.

तुमच्या कागदावर दहा मिनिटांत पाच-सहापेक्षा जास्त फुल्या आल्या, तर माझ्या अनुभवाने तुमचं दुखणं हेच.

लहान नर, मोठी मादी

गप्पीचा नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. तो जेमतेम तीन सेंटिमीटरचा राहतो. मादी मात्र आयुष्यभर वाढत राहते आणि पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जाते. मादी जितकी मोठी तितकी तिच्या पोटात पिल्लं जास्त. पहिल्या खेपेला पाच-दहा देणारी मादी दीड वर्षाची झाली की एका वेळी पन्नासही देते. नरांना हे बरोबर कळतं. समोर दोन माद्या असतील तर बहुतेक नर मोठीच्या मागे लागतात. म्हणून मरणारी मादी मोठी असते. वय हे कारण असेलच असं नाही, तिच्यावर सगळ्यांची नजर असते हे खरं कारण.

वागण्यातही फरक आहे. नर धीट असतात. नवी वस्तू टाकीत ठेवली की आधी नर जवळ जातात, लपलेल्या जागेतून आधी बाहेर येतात, आणि या घोळक्यातून त्या घोळक्यात सतत फिरत राहतात. माद्या सावध. त्या एकत्र राहतात, ओळखीच्या माद्यांना धरून असतात. धीट, हलका, सतत फिरणारा नर आणि जड, सावध, एका जागी राहू पाहणारी मादी यांना दोन फूट काचेत कोंडलं की मादीला जायला जागाच उरत नाही.

हौदात ती जागा होती. उन्हाच्या बाजूला, काठाला लागून उथळ पाण्यात चिमुकले नर चमकत होते. माद्या खाली, सावलीत, शेवाळाच्या बाजूला. हात घातला की नर पळाले आणि लगेच परत आले, माद्या बराच वेळ दिसल्याच नाहीत. त्रिनिदादच्या ओढ्यांतही असंच दिसतं. तिथे खोल पाण्यात गप्पी खाणारे मोठे मासे असतात आणि रंगीत नर त्यांच्या नजरेत लवकर भरतो, म्हणून नर काठाला राहतात. माद्या मात्र नरांचा त्रास चुकवायला धोका पत्करून खोल पाण्यात जातात. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. शिकाऱ्याच्या तोंडाजवळचं पाणी तिला जास्त बरं वाटावं, इतका तो जाच असतो.

नर रंगीत का आणि किती, हेही त्या शिकाऱ्यांवरच ठरतं. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९८० मध्ये प्रयोग करून दाखवलं की शिकारी मासे नसलेल्या पाण्यात काही पिढ्यांत नर जास्त ठिपकेदार होतात आणि शिकारी असलेल्या पाण्यात फिकट. आपल्या टाकीत शिकारी कोणीच नसतो. शिवाय दुकानात मिळणारे नर माणसांनीच निवडून निवडून भडक आणि लांब शेपटीचे केलेले. त्यांना कशाचीच भीती नाही आणि दिवसभर दुसरं काम नाही.

दुकानातली 'जोडी'

आपल्याकडे गप्पी जोडीने विकले जातात. तीन जोड्या घ्या, चार जोड्या घ्या. ऐकायला छान वाटतं, पण मूळ चूक इथेच होते. एकास एक प्रमाण म्हणजे प्रत्येक मादीमागे पूर्ण वेळ एक नर, आणि मोठीच्या मागे तर सगळेच. मादी मेली म्हणून परत जोडी आणली की टाकीत आणखी एक नर वाढतो. माझ्याकडे दोन वर्षांत अशाच पाच जोड्या आल्या. प्रत्येक वेळी मी दुखण्यात भरच घालत होते.

दुकानदाराला स्पष्ट सांगा की फक्त माद्या हव्यात. काही जण कुरकुर करतात, पण देतात. एका नरामागे निदान दोन, शक्यतो तीन माद्या हव्यात.

यात एक खाच आहे आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. प्रमाण सुधारायला म्हणून आपण ज्या माद्या आणतो त्या लहान असतात, दोन-अडीच सेंटिमीटरच्या. आकड्यात प्रमाण बरोबर होतं, पण नर त्या लहान माद्यांकडे फारसं बघतच नाहीत. थोरलीच्या मागचा ससेमिरा तसाच राहतो. मी सहा लहान माद्या आणल्या आणि आठवड्याने पुन्हा मोजलं, तर थोरलीच्या फुल्या तेवीसवरून फक्त एकोणिसावर आल्या होत्या. नव्या माद्या आणायच्या तर तिच्याच आकाराच्या आणा. तशा मिळाल्या नाहीत तर नर कमी करा, तेच जास्त खात्रीचं.

उपाय

सगळ्यात परिणामकारक उपाय साधा आहे. नरांची टाकी वेगळी करा. नुसत्या नरांची टाकी दिसायलाही सुंदर असते. त्यात सहा-आठ नर ठेवा. दोन-तीनच ठेवले तर एकाच्याच शेपटीमागे दुसरे लागतात, जास्त असले की ते वाटलं जातं. माद्यांची टाकी वेगळी झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्यांचे पर उघडतात. माझी थोरली तिसऱ्या दिवशी दाण्यासाठी सगळ्यात आधी वर आली होती.

पिल्लांची काळजी करू नका. मादी नराचं बीज काही महिने पोटात साठवून ठेवते आणि नर नसतानाही साधारण चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लं देत राहते. "नर काढले तरी पिल्लं कशी?" हा प्रश्न मला दर वेळी येतो, त्याचं उत्तर हेच.

दोन टाक्या ठेवणं जमत नसेल तर टाकीची मांडणी बदला. गोल बाउल असेल तर तो सोडाच, त्यात ना खोली ना आडोसा. निदान पंधरा इंच उंचीची टाकी घ्या. एका बाजूला जावा मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पती इतक्या दाट लावा की मागची काच दिसणार नाही. फिल्टरचा प्रवाह थोडा वाढवून एका कोपऱ्याकडे वळवा. लांब शेपटीच्या नरांना वाहत्या पाण्यात टिकणं जड जातं, तर अंगाने भक्कम मादी तिथे आरामात राहते. दुसऱ्या दिवसापासून माझ्या माद्या त्या प्रवाहात तोंड करून उभ्या राहायला लागल्या. खाणं दोन टोकांना एकाच वेळी टाका. नर ज्या टोकाला असतील त्याच्या दुसऱ्या टोकाला माद्यांना चार घास शांतपणे मिळतात.

बाळंतिणीला लगेच परत सोडू नका

हा मुद्दा मी वेगळा लिहिते, कारण माझ्या हातून दोन माद्या यामुळेच गेल्या.

आपण पिल्लं खाल्ली जाऊ नयेत म्हणून भरलेल्या मादीला ब्रीडर बॉक्समध्ये, म्हणजे टाकीत अडकवायच्या छोट्या पेटीत ठेवतो. पिल्लं झाली की काम झालं म्हणून तिला लगेच मोठ्या टाकीत सोडतो. पण पिल्लं दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस हा मादीच्या मिलनाचा काळ असतो आणि नरांना ते पाण्यातल्या वासावरून कळतं. मी थोरलीला सोडलं तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. पोट रिकामं झाल्याने ती सैल, दमलेली दिसत होती. ती पाण्यात उतरली आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला असलेले तिन्ही नर एका क्षणात वळले. अर्ध्या तासाने ती हीटरच्या मागे होती, डोकं खाली, शेपूट वर, काचेला चिकटलेली. एक नर हीटरच्या डावीकडे, एक उजवीकडे, तिसरा वर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळाशी होती.

त्यानंतर मी बाळंतीण मादीला निदान पाच दिवस वेगळ्या दहा लिटरच्या डब्यात ठेवते. स्पंज फिल्टर, मॉसचा गोळा आणि दिवसातून दोनदा डासांच्या अळ्या किंवा आर्टेमिया (माशांना घालायचे बारीक कोळंबीसारखे जीव). पाच दिवसांनी सोडताना संध्याकाळी दिवा घालवून सोडते. तेव्हापासून एकही बाळंतीण गेली नाही.

अशा माद्यांचा इतर माद्या उपयोगही करून घेतात. मिलनाच्या काळात नसलेल्या माद्या नरांना जास्त आवडणाऱ्या मादीजवळ राहणं पसंत करतात, म्हणजे नरांचं लक्ष तिच्याकडे जातं आणि आपल्याला मोकळीक मिळते. हे प्रयोगात दिसलेलं आहे. टाकीत कधी एका बाळंतिणीजवळ चार-पाच माद्या घोळका करून दिसल्या तर ती माया आहे असं समजू नका. नेमकी तीच मादी उचलून वेगळी करा.

तीन महिन्यांनी परत का होतं

आता मूळ प्रश्न. तुम्ही नर कमी केले, प्रमाण एकास तीन केलं, मादी सावरली. मग पुन्हा तेच का?

हिशोब करा. मादीला पिल्लं होतात, समजा तीस. त्यात साधारण निम्मे नर. पिल्लं पोटात चार आठवडे, आणि जन्मल्यावर नर वयात यायला अंदाजे आठ आठवडे. झाले बारा आठवडे, म्हणजे तीन महिने. त्या वेळी टाकीत एकदम पंधरा नवे नर तयार होतात. त्यांच्याच वयाच्या बहिणी अजून लहानखुऱ्या असतात, म्हणून हे सगळे नर लागतात मोठ्या माद्यांच्या मागे, म्हणजे स्वतःच्या आईच्या आणि तिच्या बरोबरीच्यांच्या. तुमचं एकास तीन प्रमाण कागदावर राहतं. फक्त माद्या विकत आणल्या तरी सुटका नाही, कारण दुकानातली मोठी मादी बहुतेक वेळा बीज घेऊनच येते.

म्हणून पिल्लं चार ते सहा आठवड्यांची झाली की नर-मादी ओळखून वेगळी करा. रंग यायची वाट बघितली तर उशीर होतो. मी काचेच्या छोट्या बरणीत एक-एक पिल्लू घेते, मागे पांढरा कागद धरते आणि खिडकीच्या उजेडात पोटाखालचा मागचा पर बघते. मादीचा पर छोट्या पंख्यासारखा त्रिकोणी राहतो आणि त्याच्या थोडं पुढे, पोटाच्या मागच्या टोकाला, काळसर डाग दिसतो. नराचा पर अरुंद होऊन मागे झुकायला लागतो आणि आठवडाभरात काडीसारखा दिसतो. शंका असेल ते पिल्लू वेगळ्या डब्यात ठेवून चार दिवसांनी परत बघा. पहिल्यांदा चुका होतात, तिसऱ्या खेपेला डोळा बसतो. एखादी खेप चुकली तर बाराव्या आठवड्यात त्याची किंमत द्यावी लागते, म्हणून पिल्लं झाली की मी कॅलेंडरवर त्या तारखेपासून पाचव्या रविवारी खूण करते.

मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे याच कुळातले, पिल्लं घालणारे मासे. त्यांनाही एकास तीनचं प्रमाण आणि बाळंतिणीचा नियम जसाच्या तसा लागू आहे. स्वोर्डटेलमध्ये मोठे नर एकमेकांनाही हाकलतात, तेव्हा टाकीत एकच मोठा नर ठेवलेला बरा. फायटर (बेटा) मासा मात्र गप्पीबरोबर ठेवू नका. गप्पी नराची लांब रंगीत शेपटी त्याला दुसऱ्या फायटरसारखी वाटते आणि तो ती फाडतो.

जादा झालेल्या नरांचं काय करायचं? ओढ्यात, नदीत, विहिरीत सोडू नका. सह्याद्रीतल्या ओढ्यांत आपले स्वतःचे छोटे मासे आहेत आणि एक भरलेली मादी जरी चुकून गेली तरी पुढच्या पिढ्या तिथे वाढतात. दुकानदार अनेकदा नर परत घेतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी मासे पैदास केंद्र असेल तर तिथे विचारा. माझे अकरा नर गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाच्या शाळेत गेले, तिथल्या प्रयोगशाळेत त्यांची टाकी आहे. त्याच्या घरी आता चार मोठ्या माद्या आहेत आणि त्याचं झडपा मोजण्याचं काम रोज संध्याकाळी सहा वाजता चालू आहे. काल त्याच्या कागदावर शून्य फुल्या होत्या आणि थोरल्या मादीने दाणा टिपला तो एकतीस वेळा.